घरोघरीं : परदेशवास, घरचा क्रमांक आणि ई-सिम

कोंकणांतला मनुष्य घर सोडून दूर जाणार, ही कांहीं आजची नवलाई नव्हे. रत्नागिरीच्या कातळानें ज्यांना पोटभर दिलें नाहीं त्यांना मुंबईनें सामावून घेतलें, आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर येथील कित्येक घरांच्या चुली पेटत राहिल्या. अलीकडे पालट झाला आहे तो अंतरांत. पूर्वीं घरचा कर्ता मुलगा गिरगांवांत असे; आतां तो म्यूनिकला, टोरांटोला नाहींतर सिंगापुरास असतो. दुसरा पालट याहूनही मोठा आहे. पूर्वीं वडील माणसें घर आणि देव राखून मागें राहत. आतां तींही मुलीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांना सांभाळायला चार-सहा महिने समुद्रापार जाऊन येतात. रत्नागिरीहून आरे-वारेवरून गणपतिपुळ्यास जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यानें सुटीच्या दिवसांत गेलें, तर टेकडीच्या दोन अंगांना पसरलेल्या त्या दोन पुळणींकडे पाहत उभ्या असलेल्या मंडळींत परदेशाहून आलेलें एखादें कुटुंब बहुधा आढळतें. आणि त्यांतील कोणीतरी हातांतला मोबाईल समुद्राकडे धरून दूरच्या माणसाला तें दृश्य दाखवीत असतें. हें इतकें सहज घडतें कीं, त्यामागें कांहीं व्यवस्था लागते याचा आपणांस विसर पडतो. आपण स्वतः परदेशीं निघालों म्हणजे मात्र ती व्यवस्था आपणांसच करावी लागते. तिच्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

परदेशप्रवासाची तयारी आपल्या घरांतून मोठ्या कसोशीनें होते. मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू, औषधें व त्यांवरील डॉक्टरांची चिठ्ठी, विम्याचे कागद, लोकरीचे कपडे यांची यादी महिनाभर आधीं तयार असते. मोबाईलचा विचार निघण्याच्या आदल्या रात्रीं होतो, आणि तोही "तिकडे गेल्यावर मुलगा बघेल" या एका वाक्यांत आटोपतो. आमच्या मतें ही दिरंगाई लहानसहान नाहीं. विमानांतून उतरल्यापासून मुलगा समोर दिसेपर्यंतचा जो काळ, त्यांतच साठी उलटलेल्या माणसांना जोडणीची खरी गरज असते. सामान चुकलें, पुढचें विमान हुकलें, मुलगा दुसऱ्याच दाराशीं उभा राहिला, अशा वेळीं हातांतील यंत्र मुकें असेल तर मनुष्याचा धीर खचतो. इकडे घरच्या बँकेंतून येणारा संदेश त्याच यंत्रावर यायचा असतो, हेंही तेव्हांच आठवतें.

मागच्या पिढ्यांनीं याहून किती अधिक सोसलें, हें एकदां आठवून पाहण्यासारखें आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कास पोंचल्या. घरीं पत्र टाकावें आणि त्याचें उत्तर यावें यांत आठवड्यांमागून आठवडे जात. मुंबई समुद्राखालील तारेनें विलायतेशीं १८७० मध्येंच जोडली गेली होती. परंतु तारेचे पैसे शब्दागणिक पडत, म्हणून सामान्य घरांत तार येई ती बहुधा अशुभ वार्ता घेऊन. तारवाला दाराशीं दिसतांच बायकामाणसांच्या पोटांत गोळा उठे, ही आठवण अजून पुष्कळ घरांत जिवंत आहे. आपल्या जिल्ह्यांतील मुरूडचे महर्षि कर्वे १९२९ सालीं, सत्तरी ओलांडल्यावर, पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांनाही टपालाचाच भरंवसा होता. आपल्या देशांत मोबाईलवरचें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्यें झालें, आणि २०१३ च्या जुलैमध्यें तारखात्याची ती जुनी तार कायमची बंद झाली. म्हणजे ज्या आजीबाई आज व्हॉट्सअ‍ॅपवर नातवाचें रांगणें पाहतात, त्यांनींच लहानपणीं तारेची धास्ती घेतलेली आहे. तेव्हां नव्या यंत्राची एक कळ शिकून घेणें त्यांना जड जाईल, असें मानण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मोबाईलमध्यें आपण जी बारीकशी चकती घालतों तें सिम. १९९१ सालीं जर्मनींतील एका कारखान्यानें तीं पहिल्यानें तयार करून फिनलंडांतील एका कंपनीस दिलीं. सिम म्हणजे वस्तुतः एक ओळखपत्र आहे. हें यंत्र कोणाचें, कोणत्या कंपनीचें गिऱ्हाईक, हें तें मनोऱ्याला सांगतें आणि मग मनोरा त्याला दार उघडतो. परदेशीं गेल्यावर पूर्वीं ही चकती काढून तेथील दुसरी घालावी लागे. काढलेली चकती पाकिटाच्या कप्प्यांत जाई आणि पुष्कळदां तेथूनही नाहींशी होई. ई-सिममध्यें चकतीच नसते. ओळखपत्र ठेवण्याचा तुकडा यंत्राच्या पोटांत कायमचा जडवलेला असतो, आणि ओळखपत्र तेवढें इंटरनेटवरून त्यांत उतरवून घ्यावयाचें असतें. ही सोय हातांतल्या मोबाईलांत २०१७ च्या सुमारास आली आणि त्यानंतरच्या वर्षांत पसरली. दाराला एकच खिळा असला तर एक पाटी काढल्याखेरीज दुसरी लावतां येत नाहीं. येथें त्याच दाराला दोन खिळे मिळाले, एवढाच याचा सोपा अर्थ. घरची पाटी जागेवर राहते आणि प्रवासापुरती दुसरी तिच्या शेजारीं लागते.

परदेशीं डेटा मिळविण्याचे मार्ग तीन. पहिला, आपल्याच कंपनीचें रोमिंग. यांत कांहीं बदलावें लागत नाहीं, घरच्या क्रमांकावरूनच बोलतां येतें. परंतु याचा आकार बहुधा दिवसांच्या हिशेबानें असतो, आणि ठराविक योजना न घेतां तसाच डेटा चालू राहिला तर देयक पाहून डोळे पांढरे होतात. दुसरा, तेथें जाऊन तेथील सिम घेणें. मुक्काम महिन्यांचा असेल तर हेंच परवडतें, आणि तेथला दूरध्वनि क्रमांक मिळाल्यानें शेजारी, दवाखाना, औषधांचें दुकान यांचें काम भागतें. मात्र त्यासाठीं कागदपत्र दाखवावे लागतात आणि दुकानापर्यंत जावें लागतें. तिसरा मार्ग म्हणजे प्रवासी ई-सिम. घरीं बसून ठराविक दिवसांचा व ठराविक मापाचा डेटा विकत घ्यावयाचा. तेथें उतरतांच तो सुरू होतो. मात्र त्याला बहुधा स्वतःचा क्रमांक नसतो. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतां येईल, नकाशा पाहतां येईल. साधा दूरध्वनि करतां येणार नाहीं.

यांतील कोणता निवडावा? पंधरा दिवसांची सहल असेल, किंवा युरोपांत चार देश फिरावयाचे असतील, तर आम्ही ई-सिमच्या बाजूचे. मुलीकडे सहा महिने राहावयाचें असेल तर पहिल्या आठवड्यापुरतें लहान ई-सिम घ्यावें आणि मग सवडीनें तेथील क्रमांक घ्यावा. सहा महिने प्रवासी ई-सिमवर काढणें म्हणजे बिऱ्हाड मांडून खाणावळींत जेवण्यासारखें आहे.

विकत घेतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परदेशांतील सिम भारतांत विकावयाचें तर दूरसंचार विभागाचें ना-हरकतपत्र लागतें. तें नसल्याच्या कारणावरून २०२४ च्या जानेवारींत एअरालो व होलाफ्लाय या दोन प्रसिद्ध विक्रेत्यांवर सरकारनें येथें बंदी घातली होती. तेव्हां कोणीतरी संदेशांत पाठविलेल्या अनोळखी दुव्यावर पैसे भरूं नयेत. विक्रेत्याला येथें परवानगी आहे कीं नाहीं हें पाहावें आणि मगच पैसे मोजावे.

घ्यावयाचें ठरलें म्हणजे क्रम असा असावा. प्रथम मोबाईलवर *#०६# हीं अक्षरें दाबावीं. पडद्यावर ईआयडी नांवाचा बत्तीस अंकांचा क्रमांक दिसला तर यंत्रांत ई-सिमची सोय आहे असें समजावें. मुलानें परदेशाहून पाठविलेलें यंत्र असेल तर तें तेथील एखाद्या कंपनीशीं बांधलेलें तर नाहीं ना, हें त्याला विचारावें. बांधलेलें यंत्र दुसऱ्या कंपनीचें ओळखपत्र स्वीकारीत नाहीं. ई-सिम निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीं, घरच्या वायफायवर, दिवसाउजेडीं उतरवून घ्यावें. त्यासाठीं जो चौकोनी क्यूआर कोड येतो तो बहुधा एकदांच चालतो. म्हणून तो दुसऱ्या कोणाला पाठवूं नये, आणि एकदां उतरविलेलें ई-सिम यंत्रांतून पुसून टाकूं नये. बंद करणें आणि पुसणें या दोन निराळ्या क्रिया आहेत, हें आपल्या वडील मंडळींस आवर्जून समजावून सांगावें. मुदत उतरविल्या दिवसापासून मोजतात कीं तेथील मनोऱ्याशीं पहिल्यानें जोडणी झाल्यापासून, हेंही आधींच वाचून घ्यावें. नाहींतर सात दिवसांच्या ई-सिमचे दोन दिवस घरींच संपावयाचे.

यंत्रांत दोन्ही ओळखपत्रांना नांवें देतां येतात. त्यांना "घर" आणि "प्रवास" अशीं साधीं नांवें द्यावीं. विमान उतरल्यावर डेटा "प्रवास"कडे वळवावा आणि त्याचें रोमिंग चालू करावें. "घर"चें डेटा-रोमिंग बंद असावें, पण तें ओळखपत्र स्वतः चालूच असावें. एकाचा डेटा कमी पडला असतां यंत्रानें आपण होऊन दुसऱ्याचा घ्यावा, अशी एक सोय असते. ती बंद करावी, कारण खर्चाचा चोरदरवाजा तोच. छायाचित्रें आपोआप साठविण्याचें कामही वायफायपुरतें ठेवावें. व्हॉट्सअ‍ॅप आपला जुना क्रमांक सोडत नाहीं, "क्रमांक बदलावयाचा काय?" असें त्यानें विचारलें तर नाहीं म्हणावें.

"घर" चालू ठेवण्याचें कारण बँक. निवृत्तिवेतन, ठेवी, वीजदेयक या सर्वांचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. येणाऱ्या संदेशाला परदेशांतही सामान्यतः आकार पडत नाहीं, परंतु त्यासाठीं निघण्यापूर्वीं कंपनीकडून रोमिंगची परवानगी चालू करून घ्यावी लागते. सहा महिने जाणाऱ्यांनीं आणखी एक नियम लक्षांत ठेवावा. आगाऊ पैसे भरून चालविलेल्या क्रमांकावर ९० दिवस कांहींच वापर झाला नाहीं आणि शिल्लक २० रुपयांच्या आंत असली, तर कंपनी तो क्रमांक बंद करूं शकते. आणि बंद झालेला क्रमांक पुढें दुसऱ्या गिऱ्हाइकास मिळूं शकतो. चाळीस वर्षें जपलेलें बँकेचें खातें अशा रीतीनें परक्याच्या क्रमांकाशीं बांधलें जावें, यासारखी हळहळ दुसरी नाहीं. तेव्हां परत येण्याच्या तारखेपुढेंही महिनाभर पुरेल असा भरणा करूनच घराला कुलूप लावावें.

येथेंच एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवणें आम्हांस भाग आहे. एकत्र कुटुंबांत सासूबाईंच्या किंवा आईच्या खात्याला थोरल्या मुलाचा क्रमांक जोडलेला असतो, आणि त्यांत कोणाला कांहीं गैर वाटत नाहीं. मुलगा घरांत आहे तोंवर खपून जातें. मुलगा परदेशीं गेला, त्यानें आपला येथील क्रमांक सोडला, म्हणजे आईच्या स्वतःच्या पैशाची किल्ली कोणाच्याच हातीं राहत नाहीं. घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाचा, आणि विशेषतः प्रत्येक स्त्रीचा, क्रमांक तिच्या स्वतःच्या नांवें असावा व खात्याशीं तोच जोडलेला असावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. यांत अविश्वास नाहीं. दागिन्यांचा डबा तिचा असतो, मग क्रमांक तिचा कां नसावा?

दुसरें संकट ठकांचें. ई-सिम आलें त्याबरोबर नवी ठकबाजीही आली. कंपनीचा माणूस म्हणून कोणी दूरध्वनि करतो, "तुमचें सिम बंद पडणार, ई-सिम करून देतों" असें गोड बोलतो आणि ओटीपी मागतो. तो दिला कीं आपला क्रमांक त्याच्या यंत्रांत जागा होतो, आपल्या यंत्रावरील खुणेच्या रेघा नाहींशा होतात, आणि बँकेचे संदेश त्याच्याकडे जाऊं लागतात. आपण मागितलेलें नसतां कोणी ई-सिमची गोष्ट काढली तर दूरध्वनि ठेवून द्यावा. रेघा एकाएकीं गेल्या तर दुसऱ्याच्या दूरध्वनीवरून तत्काळ बँकेला व कंपनीला कळवावें; सायबर गुन्ह्याच्या तक्रारीसाठीं सरकारचा १९३० हा क्रमांक आहे.

परदेशांतून आपल्याकडे येणाऱ्या मुलांसुनांनाही हें सारें लागू आहे, आणि त्यांना कोंकणापुरतें एक अधिक सांगावेंसें वाटतें. प्रवासी ई-सिम आपला मनोरा बाळगीत नाहीं. तें येथील एका-दोन कंपन्यांच्या मनोऱ्यांवर पाहुणा म्हणून राहतें. मोबाईलच्या लहरी डोंगर ओलांडून नीट जात नाहींत, त्यामुळें आपल्या किनाऱ्यावर एका वळणावर एका कंपनीच्या रेघा भरलेल्या आणि पुढच्या खळाटींत त्याच कंपनीचा पत्ता नाहीं, असा अनुभव सर्वांसच येतो. म्हणून घेण्यापूर्वीं तें कोणत्या कंपनीच्या मनोऱ्यावर चालतें हें विचारावें आणि ती कंपनी आपल्या गांवांत पोंचते कीं नाहीं तें आजोबांस विचारावें. या बाबतींत जाहिरातीपेक्षां आजोबांची माहिती पक्की असते. रस्त्याचा नकाशा वायफायवर असतांनाच उतरवून ठेवावा. आणि आरे-वारेच्या पाण्यापाशीं मोबाईल हातांत घेऊन उभें राहतांना पायांखालीं अधिक लक्ष असावें. २०२५ च्या जुलैमध्यें येथें चार पर्यटक बुडून गेले. पावसाळ्यांतला हा समुद्र पाहावा तो वरच्या रस्त्यावरूनच. संकटाचे क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशांत असावे : भारतांत व युरोपांत ११२, अमेरिका व कॅनडांत ९११, ब्रिटनमध्यें ९९९.

एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. कित्येक वडील माणसें म्हणतात, "मुलाच्या घरीं वायफाय आहे, आम्हांस बाहेर डेटा कशाला हवा?" हा प्रश्न काटकसरीचा दिसतो, त्याचें उत्तर मात्र स्वातंत्र्याचें आहे. घरच्या वायफायपुरती जोडणी असली म्हणजे मनुष्यही घरापुरताच राहतो. मुलगा-सून कामावर, नातू शाळेंत, आणि येथें रोज सकाळीं देवळाला व भाजीला एकट्या जाणाऱ्या आजीबाई तेथें खिडकींतून बर्फ पाहत संध्याकाळची वाट पाहतात, असें आम्हीं एकाहून अधिक घरांत ऐकलें आहे. कारण विचारलें तर, "वाट चुकलें तर कोणाला सांगूं?" एवढेंच. खिशांत चालता नकाशा आणि मुलाला हांक मारण्याची सोय असली तर त्याच आजीबाई कोपऱ्यावरच्या बागेंत जातील, नातवाला शाळेंतून आणतील, चार माणसांशीं मोडक्यातोडक्या भाषेंत बोलतील. त्यांचा मुक्काम त्यांना जड होणार नाहीं, आणि सुनेलाही नाहीं.

याच्या उलट टोकही सांगितलें पाहिजे. जोडणी अखंड आहे म्हणून बोलणेंही अखंड असावें असें नाहीं. मागें राहिलेल्या माणसांनीं तासातासाला विचारपूस करावी आणि गेलेल्यांनीं प्रत्येक घांसाचें चित्र पाठवावें, यांत दोन्हीकडच्या मनाला विसावा राहत नाहीं. दिवसांतली एक वेळ ठरवावी. हिवाळ्यांत रत्नागिरीस संध्याकाळचे सात वाजतात तेव्हां म्यूनिकला दुपारचे अडीच, टोरांटोला सकाळचे साडेआठ आणि सिंगापुरास रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. देवापाशीं दिवा लावून झाल्यावरची ही वेळ तिन्ही ठिकाणीं सोईची आहे. त्या वेळीं पंधरा मिनिटें मनापासून बोलावें आणि मग ज्यानें त्यानें आपल्या कामाला लागावें.

एवढ्यासाठीं कोणाला तज्ज्ञ व्हावें लागत नाहीं. पुढच्या महिन्यांत ज्यांच्या घरचें कोणी निघणार असेल त्यांनीं एक दुपार यासाठीं राखून ठेवावी. मुलानें किंवा नातीनें शेजारीं बसावें, पण कळ दाबावी ती जाणारानेंच. दोनदां चुकलें तरी तिसऱ्यांदा जमेल. आपल्या हातानें लावलेलें ई-सिम परक्या गांवीं बिघडलें तर आपल्या हातानें सुधारतांही येतें, आणि दुसऱ्यानें लावून दिलेल्या यंत्रापुढें मात्र मनुष्य हात जोडून बसतो.